कृत्रिम बुद्धिमत्तेची सुरक्षितता आणि तरुणांचे सघन प्रशिक्षण : स्वरूप, सामर्थ्य व मर्यादा

सारांश

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणा मानवी हेतूंशी सुसंगत आणि नियंत्रणक्षम राहाव्यात यासाठी चाललेल्या संशोधनास 'एआय सुरक्षितता' असे म्हटले जाते. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी २०१८ पासून युरोप व अमेरिकेत अल्पमुदतीचे सघन प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. प्रस्तुत लेखात या वर्गांचे प्रकार, त्यांची अध्यापनपद्धती, परिणामकारकतेची कारणे आणि मर्यादा यांचे विवेचन केले आहे. असे वर्ग आधी घातलेल्या पायाचे रूपांतर संशोधनक्षमतेत करतात. पाया घालण्याचे काम मात्र महाविद्यालयांकडेच राहते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कृत्रिम बुद्धिमत्ता, सुरक्षितता, सघन प्रशिक्षण, मार्गदर्शन, उच्च शिक्षण

१. प्रस्तावना

यंत्रास सोपविलेले उद्दिष्ट आणि माणसाच्या मनातील खरे उद्दिष्ट यांत अंतर पडू शकते, ही जाणीव नवी नाही. सायबरनेटिक्सचे प्रवर्तक नॉर्बर्ट वीनर यांनी १९६० साली 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात या धोक्याकडे लक्ष वेधले होते. यंत्राचा वेग माणसाच्या हस्तक्षेपाच्या वेगापेक्षा अधिक असेल, तर उद्दिष्ट सांगतानाच चूक होऊन चालणार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. त्या काळी हा प्रश्न बव्हंशी तात्त्विक होता. आज तो प्रयोगशाळेत दिसतो. २०१६ साली ओपनएआय या संस्थेने नौकाशर्यतीच्या एका संगणकीय खेळाचा अनुभव प्रसिद्ध केला. नौका चालविणाऱ्या प्रणालीस गुण मिळविण्याचे शिक्षण दिले होते. तिने शर्यत पूर्ण करण्याऐवजी एका कोपऱ्यात गोल फिरत, पुन्हा पुन्हा त्याच लक्ष्यांना धडकत गुण मिळविण्याचा मार्ग शोधला. वाटेत ती इतर नौकांवर आदळली, तिला आग लागली, तरीही शर्यत पूर्ण करणाऱ्या माणसांपेक्षा तिचे गुण अधिक भरले. गुण देणाऱ्या नियमाचे तिने अक्षरशः पालन केले आणि नियम करणाऱ्याचा हेतू मात्र बाजूला राहिला.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'काँक्रीट प्रॉब्लेम्स इन एआय सेफ्टी' या शोधनिबंधात डारिओ अमोदेई, क्रिस ओला व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रकारच्या पाच प्रश्नांची मांडणी केली. अनपेक्षित दुष्परिणाम टाळणे, बक्षीस मिळविण्याच्या आडवाटा रोखणे, माणसाला प्रत्येक कृती तपासता येत नसतानाही देखरेख ठेवणे, शिकताना सुरक्षित प्रयोग करणे आणि परिस्थिती बदलली तरी विश्वसनीय राहणे, हे ते पाच प्रश्न होत. या मांडणीमुळे सुरक्षितता हा अभियांत्रिकी व प्रायोगिक संशोधनाचा विषय म्हणून आकारास येऊ लागला.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वसामान्यांच्या हाती आले आणि हा विषय शासनव्यवहारात पोहोचला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधील ब्लेचली पार्क येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली व ब्रिटनने शासकीय एआय सुरक्षितता संस्था स्थापन केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचे नामांतर 'एआय सिक्युरिटी इन्स्टिट्यूट' असे झाले. भारत सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये 'इंडियाएआय सेफ्टी इन्स्टिट्यूट'ची घोषणा केली. संस्था एका निर्णयाने स्थापन होऊ शकते. तिच्यात बसून मॉडेलची तपासणी करू शकणारी माणसे मात्र एका निर्णयाने तयार होत नाहीत. पीएच.डी.चा संशोधक घडण्यास चार ते सहा वर्षे लागतात आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमाची पुनर्रचनाही काही वर्षांनी एकदाच होते. तंत्रज्ञानाचा वेग आणि शिक्षणव्यवस्थेचा वेग यांतील ही दरी भरून काढण्याच्या प्रयत्नांतून सघन प्रशिक्षणवर्ग जन्मास आले.

२. सघन प्रशिक्षणाचे प्रकार

या वर्गांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार वाचनमंडळाचा. २०२१ मध्ये केंब्रिज येथून सुरू झालेला आणि पुढे ब्लूडॉट इम्पॅक्ट या संस्थेने चालविलेला परिचयात्मक अभ्यासक्रम हे याचे उदाहरण होय. ठरावीक वाचन, त्यानंतर लहान गटात प्रशिक्षित सूत्रसंचालकाच्या साह्याने चर्चा आणि शेवटी एक छोटा प्रकल्प, अशी त्याची रचना होती. तो दूरस्थ पद्धतीने आणि नोकरी वा शिक्षण सांभाळून करता येत असल्यामुळे क्षेत्राचा पहिला परिचय होण्यास उपयुक्त ठरला.

दुसरा प्रकार अल्पमुदतीच्या निवासी शिबिराचा. २०२२ मध्ये फ्रान्समध्ये आरंभ झालेला 'एमएल फॉर गुड' हा उपक्रम या वर्गात मोडतो. साधारण आठ-दहा दिवस विद्यार्थी एकत्र राहतात. दिवसा प्रोग्रॅमिंग आणि सायंकाळी धोक्यांच्या स्वरूपाविषयी व धोरणाविषयी चर्चा असा दिनक्रम असतो.

तिसरा प्रकार अभियांत्रिकी कौशल्यांच्या वर्गाचा. रेडवूड रिसर्च या संस्थेने २०२२ मध्ये बर्कली येथे घेतलेला 'एमलॅब' आणि त्याच्या अभ्यासक्रमाचा आधार घेऊन लंडनमध्ये वाढलेला 'अरीना' ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. 'अरीना'चा कालावधी चार ते पाच आठवड्यांचा असतो. न्यूरल नेटवर्कचा पाया, ट्रान्सफॉर्मरच्या अंतर्गत कार्याचा उलगडा, रीइन्फोर्समेंट लर्निंग आणि भाषिक मॉडेलचे मूल्यमापन असे त्याचे टप्पे आहेत. त्याचा संपूर्ण स्वाध्यायसंच सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिलेला आहे, ही बाब अध्यापकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

चौथा प्रकार मार्गदर्शनाधारित संशोधनाचा. २०१८ मध्ये स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर भरलेल्या पहिल्या 'एआय सेफ्टी कॅम्प'ने गटाने संशोधन करण्याची प्रथा पाडली. २०२१-२२ च्या हिवाळ्यात स्टॅनफर्डमधील एका उपक्रमाच्या छत्राखाली सुरू झालेला 'मॅट्स' हा कार्यक्रम या प्रकारात सर्वाधिक परिचित आहे. त्यात निवडलेला तरुण काही आठवडे एका अनुभवी संशोधकाच्या हाताखाली स्वतंत्र प्रश्नावर काम करतो. काम आशादायक ठरल्यास त्यास पुढे काही महिने मुदतवाढ मिळू शकते.

हे चार प्रकार म्हणजे एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत असे मानण्याचे कारण नाही. धोरणविषयक कामाकडे वळणारा विद्यार्थी तिसरा टप्पा वगळतो. संगणकशास्त्रात आधीच पारंगत असलेला विद्यार्थी थेट चौथ्या टप्प्यावर येतो.

३. प्रत्यक्ष अध्यापन कसे चालते?

या वर्गांचे वैशिष्ट्य समजून घेण्यासाठी एक स्वाध्याय तपशिलात पाहणे उपयुक्त ठरेल. विद्यार्थ्यांपुढे जीपीटी-२ हे २०१९ साली प्रसिद्ध झालेले मॉडेल ठेवले जाते. त्याच्या सर्वांत लहान आवृत्तीत सुमारे १२.४ कोटी प्रचल, १२ स्तर आणि प्रत्येक स्तरात 'अटेन्शन हेड' नावाचे १२ घटक, असे एकूण १४४ घटक आहेत. आजच्या मॉडेलच्या तुलनेत ते अगदी लहान असल्यामुळे साध्या साधनसामग्रीवरही त्याची चिकित्सा करता येते.

या मॉडेलला असे इंग्रजी वाक्य दिले जाते की, दोन व्यक्ती दुकानात गेल्या आणि त्यांपैकी एकीने एक वस्तू ... दिली. पहिल्या उपवाक्यात दोन्ही नावे आलेली असतात. दुसऱ्यात देणाऱ्याचे नाव पुन्हा येते. शेवटचा शब्द मॉडेलने भरावयाचा असतो आणि ते बहुधा दुसऱ्या व्यक्तीचे नाव अचूक भरते. हे ते कसे करते, असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला जातो. २०२२ मध्ये केविन वांग व सहकाऱ्यांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, त्याची पुनर्निर्मिती विद्यार्थी स्वतःच्या हातांनी करतात. एकेका घटकाचे काम थांबवून किंवा एका वाक्यातील त्याची अंतर्गत स्थिती दुसऱ्या वाक्यात बसवून उत्तर किती बदलते, हे ते मोजतात. काही घटक दोनदा आलेले नाव ओळखतात, काही त्या नावाकडील लक्ष कमी करतात आणि काही उरलेले नाव शेवटी आणून ठेवतात, असे चित्र हळूहळू उभे राहते. मूळ संशोधनात या कामी २६ घटकांचा सहभाग दाखविला आहे.

या स्वाध्यायातील खरा धडा पुढे आहे. नाव आणून ठेवणारा घटक बंद केल्यावर उत्तर कोलमडेल अशी विद्यार्थ्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र एरवी स्वस्थ असणारे काही राखीव घटक ते काम अंशतः हाती घेतात. परिणामी, 'बंद केल्याने फारसा फरक पडला नाही, म्हणून हा घटक महत्त्वाचा नाही' असा सरळ निष्कर्ष काढणारा विद्यार्थी फसतो. उपकरण बरोबर, मोजमाप बरोबर, आणि तरीही अनुमान चूक, हा अनुभव व्याख्यानातून सांगता येतो, पण बाणवता येत नाही. ज्या व्यक्तीस पुढे एखादे शक्तिशाली मॉडेल सुरक्षित असल्याचा अभिप्राय द्यावयाचा आहे, तिच्यासाठी हा अनुभव अत्यावश्यक ठरतो.

दिवसाची रचनाही या हेतूस पूरक असते. व्याख्यानास थोडा वेळ दिला जातो व उर्वरित दिवस दोघांनी मिळून एकाच संगणकावर काम करण्यात जातो. एक जण लिहितो, दुसरा विचारतो व तपासतो. नंतर भूमिकांची अदलाबदल होते. प्रत्येक स्वाध्यायासोबत चाचणीही दिलेली असल्यामुळे चूक काही मिनिटांत लक्षात येते. अडलेल्यांना मदत करण्यासाठी साहाय्यक वर्गात फिरत असतात.

४. परिणामकारकतेची कारणे

या पद्धतीच्या यशामागे तीन कारणे संभवतात. पहिले म्हणजे प्रतिसादाचा वेग. सत्रान्त परीक्षेत विद्यार्थ्यास आपली चूक महिन्यांनंतर कळते, किंवा कळतच नाही. येथे ती त्याच तासात कळते. दुसरे कारण म्हणजे अवधानाची अखंडता. आठवड्यातून चार तासिका याप्रमाणे विखुरलेले दीडशे तास आणि सलग चार आठवड्यांत एकवटलेले दीडशे तास यांचे फलित सारखे नसते. आदल्या दिवशीचा धागा दुसऱ्या दिवशी हाती असतो.

तिसरे कारण अधिक मूलभूत आहे. मायकेल पोलान्यी यांनी 'द टॅसिट डायमेन्शन' (१९६६) या ग्रंथात अव्यक्त ज्ञानाची संकल्पना विशद केली. शब्दांत पूर्णपणे न मांडता येणारे असे ज्ञान सहवासातूनच संक्रमित होते. कोणता प्रश्न महत्त्वाचा, कोणता निष्फळ प्रयोग केव्हा सोडून द्यावा, कोणत्या आलेखावर विश्वास ठेवू नये, ही संशोधकाची जाण याच प्रकारची आहे. संगीतातील तालीम वा आखाड्यातील मेहनत यांत गुरूच्या शेजारी घालविलेल्या वेळेला जे महत्त्व आहे, तेच येथे मार्गदर्शकाच्या सहवासाला आहे.

भारतीय अध्यापकांना ही पद्धत अपरिचित वाटू नये. गणिताच्या क्षेत्रात प्रा. एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने १९९३ पासून 'मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च' हा उन्हाळी कार्यक्रम सुरू झाला व त्यास राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचे पाठबळ लाभले. चार आठवडे विद्यार्थ्यांना उत्तरे सांगण्याऐवजी प्रश्न विचारून सिद्धतेपर्यंत नेणे हे त्याचे सूत्र आहे. सघन प्रशिक्षणाने विद्यार्थ्याची विचारपद्धती बदलू शकते, याचा अनुभव अनेक महाविद्यालयांतील गणिताच्या अध्यापकांनी त्यातून घेतलेला आहे.

५. मर्यादा

या पद्धतीचे गुण मान्य करूनही तिच्या मर्यादांची चिकित्सा आवश्यक आहे. कारण येथे एका तरुणाच्या आयुष्यातील मोलाची वर्षे पणास लागलेली असतात.

(अ) प्रवेशाची अट : अभियांत्रिकी स्वरूपाच्या वर्गांत येण्यापूर्वीच पायथॉनमधील प्रोग्रॅमिंग, रेषीय बीजगणित, कलन आणि संभाव्यता यांची तयारी अपेक्षित असते. चार आठवड्यांत हा पाया घालता येत नाही. त्यामुळे ज्याला पूर्वीच चांगले शिक्षण मिळाले आहे, त्यालाच या वर्गांचा लाभ मिळतो.

(आ) मार्गदर्शकांची टंचाई : संगणक वाढविता येतात, स्वाध्याय विनामूल्य देता येतात, परंतु एक अनुभवी संशोधक एका वेळी मोजक्याच विद्यार्थ्यांकडे लक्ष देऊ शकतो. म्हणून इच्छुकांची संख्या कितीही वाढली, तरी चौथ्या प्रकारच्या वर्गांची क्षमता मार्गदर्शकांच्या संख्येनेच मर्यादित होते.

(इ) घाईचा दोष : थोड्याच आठवड्यांत काहीतरी दाखविणे भाग असल्यामुळे लवकर फळ देणारे प्रश्न निवडण्याकडे कल होतो. नकारात्मक निष्कर्ष प्रामाणिकपणे नोंदविण्यास लागणारे धैर्य अशा वातावरणात क्षीण होण्याची शक्यता असते. सुरक्षिततेच्या क्षेत्रात हा दोष अधिक गंभीर आहे. कारण तेथे खोटा दिलासा हा अज्ञानापेक्षा घातक ठरतो.

(ई) कौशल्याची दुहेरी बाजू : मॉडेलचे अंतरंग उलगडण्याचे कौशल्य आणि अधिक सामर्थ्यवान मॉडेल घडविण्याचे कौशल्य यांत मोठे साम्य आहे. सुरक्षिततेच्या हेतूने शिकलेला तरुण उद्या केवळ क्षमतावाढीच्या कामास लागू शकतो. प्रशिक्षण कौशल्य देते. त्याच्या विनियोगाची हमी देत नाही.

(उ) एकसुरीपणा व परावलंबन : बर्कली व लंडन या दोन शहरांभोवती, साधारण सारखेच वाचन केलेल्या समवयस्कांमध्ये हे शिक्षण घडते. धोक्यांविषयीच्या काही गृहीतकांना त्यामुळे पुरेसे आव्हान मिळत नाही. शिवाय या उपक्रमांचा मोठा भार मोजक्या देणगीदारांवर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हा आभासी चलनाचा व्यवसाय कोसळला, तेव्हा त्याच्याशी संलग्न असलेल्या निधीवर विसंबून असलेले अनेक उपक्रम अडचणीत आले. ज्यांच्या उत्पादनांची तपासणी करावयाची, त्याच कंपन्या प्रशिक्षितांना नोकऱ्या देतात, ही बाबही दृष्टिआड करता येत नाही.

या सर्वांचा एकत्रित परिणाम विद्यार्थ्यास भोगावा लागू शकतो. अर्धवट सोडलेली पदवी, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात घालविलेली दोन वर्षे आणि शेवटी मोजक्या जागांसाठीची स्पर्धा, ही शक्यता त्याच्यापुढे स्पष्टपणे मांडणे हे प्रत्येक अध्यापकाचे कर्तव्य आहे. निवड न होणे म्हणजे अपात्र असणे नव्हे, हेही त्याला सांगितले पाहिजे.

६. महाविद्यालयांची भूमिका

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. सघन वर्गाच्या दारात विद्यार्थ्याकडून जे मागितले जाते, ते महाविद्यालयातच मिळावयाचे असते. रेषीय बीजगणित शिकविताना सदिश व आव्यूह यांचा केवळ आकडेमोडीसाठी उपयोग न करता त्यांचा भौमितिक अर्थ स्पष्ट करणे, संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकात अपेक्षेविरुद्ध आलेले निष्कर्ष खोडून न टाकता नोंदविण्यास लावणे, दोघांनी मिळून प्रोग्रॅम लिहिण्यास व एकमेकांचे काम तपासण्यास वेळ देणे, या सुधारणांसाठी नव्या अनुदानाची गरज नाही. विनामूल्य स्वाध्यायसंचातील एखादा भाग उन्हाळी सुटीत चार-सहा विद्यार्थ्यांच्या गटाकडून करून घेता येईल. एनपीटीईएलवर 'रिस्पॉन्सिबल अँड सेफ एआय सिस्टिम्स' हा अभ्यासक्रम भारतीय अध्यापकांनी तयार केलेला आहे. आयआयटी मद्रास येथे २०२३ पासून जबाबदार एआयविषयक स्वतंत्र केंद्रही कार्यरत आहे.

हे काम संगणकशास्त्र विभागापुरते मर्यादित नाही. एखादी चाचणी जे मोजण्याचा दावा करते तेच मोजते का, हा मॉडेलच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे. आणि मानसशास्त्रात 'सप्रमाणता' या नावाने तो अनेक दशके शिकविला जात आहे. हेतू आणि कृती यांचा संबंध तत्त्वज्ञानाचा, तर उत्तरदायित्वाचा प्रश्न विधिशाखेचा विषय आहे.

भाषाविभागांचे स्थान तर विशेष महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे दाखवून दिले की, जीपीटी-४ इंग्रजीतून नाकारत असलेल्या हानिकारक विनंत्या झुलू, स्कॉट्स गेलिक यांसारख्या अल्पसाहित्य भाषांत अनुवादित करून दिल्यास त्याची सुरक्षाव्यवस्था भेदता येत होती. अशा भाषांचा एकत्रित वापर केल्यास यशाचे प्रमाण ७९ टक्के होते. इंग्रजीतून तपासलेले मॉडेल अन्य भाषांतही सुरक्षित असेलच असे नाही, हा त्याचा अर्थ. मराठीतील उपरोध, सूचकता, बोलींतील भेद आणि जातिवाचक शब्दांचे संदर्भ जाणणारी व्यक्तीच मराठीतील मॉडेलची खरी तपासणी करू शकते. ही पात्रता लंडनमधील चार आठवड्यांत मिळणारी नव्हे. मराठीच्या वर्गात तिचा पाया घातला जातो.

७. समारोप

सघन प्रशिक्षणवर्ग ही संथ शिक्षणव्यवस्था आणि वेगवान तंत्रज्ञान यांमधील दरीवर टाकलेली साकवाची फळी आहे. तिच्यावरून काही तरुण पलीकडे पोहोचले आहेत व तेथे उपयुक्त काम करीत आहेत. तत्काळ प्रतिसाद, अखंड अवधान आणि मार्गदर्शकाचा सहवास या तिच्या तीन गुणांचे अनुकरण कोणत्याही महाविद्यालयास करता येईल. तथापि, फळी टाकण्यासाठी अलीकडचा काठ भक्कम असावा लागतो. गणिती समज, प्रयोगातील सचोटी, भाषेची जाण आणि स्वतःच्या निष्कर्षाविषयीची शंका यांवर तो काठ उभा असतो. तो बांधण्याचे काम तीन-चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमातच होऊ शकते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर माणसाची देखरेख ठेवावयाची असेल, तर देखरेख करण्यास समर्थ असलेली माणसे घडविण्याची सुरुवात वर्गाच्या फळ्यापासून करावी लागेल.